पोळी बंद केली, तरी पीठ सुटत नाही: घरी आणि प्रवासात ग्लूटेनमुक्त कसं खायचं

भात, वरण, ज्वारीची भाकरी, घावन, आंबोळी, कांदेपोहे, साबुदाण्याची खिचडी, माशाचं कालवण, सोलकढी. यांतल्या कशातच मुळात ग्लूटेन, म्हणजे गहू आणि जवातलं चिकट प्रथिन, नाही. त्यामुळे घरात कुणाला सीलिअॅकचं, म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं की दोन-चार दिवसांत सगळे म्हणतात, ‘पोळीच्या जागी भाकरी, बाकी आहे तसंच.’ सहा महिन्यांनी रक्त तपासलं की त्यातल्या अँटिबॉडीजचा आकडा म्हणावा तसा खाली आलेला नसतो. चूक बहुतेक वेळा पदार्थ निवडण्यात झालेली नसते. गव्हाचं पीठ गिरणीतून, चाळणीतून, हिंगाच्या डबीतून किंवा तळणीच्या तेलातून ताटात येत असतं. म्हणून काय खावं याच्या याद्यांपेक्षा या लेखात पिठाच्या वाटांवर जास्त भर दिला आहे.

गहू सोडण्याआधी तपासणी

पोट बिघडतं म्हणून आधी गहू सोडायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचं, हा क्रम उलटा आहे. टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडीज मोजणारी रक्ततपासणी आणि त्यानंतर एंडोस्कोपीतून घेतलेला लहान आतड्याचा तुकडा, या दोन्हींचा निकाल रोज गहू खाणाऱ्या माणसातच खरा येतो. गहू बंद केला की अँटिबॉडीज उतरतात, आतड्याचं अस्तर भरू लागतं आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पुन्हा गहू खाऊन तपासणी करावी लागते, आणि ते फार त्रासाचं असतं. टीटीजीबरोबर एकूण आयजीए (अँटिबॉडीजचा एक प्रकार) हेही मोजून घ्या. काहींच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असतं, त्यांचा टीटीजी खोटा निगेटिव्ह दिसतो. निदान पक्कं झालं की आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करा. जवळच्या रक्ताच्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार असू शकतो, तोही कधीकधी एकही लक्षण नसताना.

कणभर म्हणजे किती?

‘एवढ्याशाने काय होतंय?’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्याला आकड्यांत उत्तर द्यावं. सीलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं. रोज ५० मिलीग्रॅम गेलं तर आतड्याला इजा होते. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलीग्रॅम ग्लूटेन असतं. दिवसाची मर्यादा म्हणजे त्या पोळीचे अडीचशे तुकडे केल्यावरचा एक तुकडा.

भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे. आता एक किलो ज्वारीच्या पिठात चहाचा एकच चमचा, म्हणजे ३ ग्रॅम कणीक मिसळली असं धरा. किलोमागे साधारण २५० मिलीग्रॅम ग्लूटेन झालं, मर्यादेच्या बारा पट. पीठ दिसायला शुभ्र, भाकरी चवीला उत्तम, आणि तरीही चालणार नाही.

गिरणी

नाक्यावरच्या गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. जात्याच्या दगडांमध्ये, पिठाच्या पेटीत आणि पीठ ज्या कापडी नळीतून डब्यात पडतं तिच्यात गव्हाचं पीठ साचलेलं असतं. ‘सकाळी सर्वात आधी आमचं दळण घ्या’ म्हटल्याने फारसं काही साधत नाही, कारण रात्रीचं शेवटचं पीठ आत तसंच असतं. आधी किलोभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढलं तर भेसळ कमी होते, पण किती कमी झाली हे डोळ्यांना कळत नाही. ज्यांना पोळी खाल्ल्यावर नुसतं जड वाटतं, त्यांना तेवढं पुरेल. सीलिअॅकच्या रुग्णाने त्यावर विसंबू नये.

मार्ग दोन. पहिला, घरघंटी. नवीच घ्या. जुनी स्वस्तात मिळत असली तरी तिच्यात वर्षानुवर्षं गहू दळलेला असतो आणि ती पाण्याने धुता येत नाही. घरात आणल्यावर तिच्यात गहू एकदाही टाकायचा नाही, शेजाऱ्यांना ‘एवढं एकच दळण’ म्हणूनसुद्धा नाही. ओलसर धान्य टाकलं की जाळी तुंबते, पीठ गरम होतं आणि लवकर खवट होतं. शेंगदाणे, तीळ अशा तेलबिया तिच्यात दळू नयेत.

दुसरा मार्ग बिनखर्चाचा आणि आमच्या मते सुरुवातीला अधिक चांगला: कोरडं पीठच टाळायचं. तांदूळ ४ ते ६ तास भिजवून मिक्सरमध्ये वाटले की घावन होतात. तांदूळ आणि उडीद डाळ ३:१ प्रमाणात, चमचाभर मेथीसह भिजवून, वाटून, आंबवलं की आंबोळी किंवा इडली. मूग भिजवून वाटले की धिरडी. गिरणीची पायरीच मधून निघून जाते. पहिले पंधरा दिवस असेच काढा आणि तोवर घरघंटीचा निर्णय घ्या.

धान्य कुठून घेताय, हेही पाहा. किराणा दुकानात उघड्या पोत्यांमधून एकच माप गव्हातून ज्वारीत आणि ज्वारीतून तांदळात फिरत असतं. बंद पाकिटातलं अख्खं धान्य घ्या. तीन-चार कुटुंबं एकत्र येऊन वाशीच्या एपीएमसी धान्य बाजारातून शिवलेलं पोतं आणत असतील तर आणखी चांगलं. मात्र शेतात आणि खळ्यावरच गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, म्हणून निवडणं कुठेच चुकत नाही. परातीत धान्याचा एकेरी थर पसरून वाटी-वाटीने निवडा. ज्वारीत गव्हाचा दाणा पटकन दिसतो, मसुरात आणि राजम्यात तर फारच सहज. मग तीन पाण्यांनी धुवा, सुती कापडावर पंख्याखाली २४ तास वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर वाळला समजा. जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या दमट हवेत नुसत्या पंख्याने भागत नाही. मंद आचेवर कढईत ५-७ मिनिटं परतून पूर्ण गार करा आणि मग दळा. उकडीच्या मोदकांची पिठी आपण अशीच करतो, फक्त ती सावलीत वाळवतो. तीच सवय बाकीच्या धान्यांना लावायची.

घरात गहू ठेवायचा की नाही?

रुग्ण लहान मूल असेल तर सुटं गव्हाचं पीठ घरात ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चाळताना आणि मळताना कणीक हवेत उडते आणि ओट्यावर, गार होत ठेवलेल्या भाताच्या पातेल्यावर बसते. घरातल्या इतरांना पोळी हवीच असेल, तर ठाणे-नवी मुंबईत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. तयार पोळी आणा, तिच्यासाठी वेगळा डबा आणि वेगळं ताट ठेवा. तयार पोळीचा चुरा पुसता येतो, हवेत उडालेली कणीक पुसता येत नाही.

गहू घरात राहणारच असेल, तर या वस्तू दुहेरी लागतील: चाळणी, पोळपाट-लाटणं, तवा, लाकडी उलथनं, परात, भांडी घासायची घासणी. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या रेषांत पीठ अडकतं, ते कितीही धुतलं तरी निघत नाही. जुनं लोखंडी किंवा बिडाचं भांडंही धरू नका. स्टीलची आणि काचेची भांडी मात्र साबणाने नीट घासली की चालतात, ती नव्याने घ्यायची गरज नाही. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाचं रबर काढून धुवा आणि पात्याच्या बुडाशी पीठ आहे का ते पाहा. टोस्टर सामाईक ठेवू नका.

ओट्यावरचा क्रम: ग्लूटेनमुक्त स्वयंपाक आधी, तो झाकून ठेवल्यावर पोळ्या. ग्लूटेनमुक्त डबे नेहमी वरच्या फळीवर, म्हणजे गव्हाचं पीठ सांडलं तरी त्यांच्यावर पडणार नाही. तुपाचा डबा, लोणी, जॅम आणि लोणचं दोन-दोन ठेवा. पोळीला तूप लावलेला चमचा पुन्हा डब्यात जातो आणि मग तो अख्खा डबा बाद होतो. घरी स्वयंपाकाला मावशी येत असतील तर तोंडी सांगून भागत नाही. रुग्णाच्या सगळ्या भांड्यांना एकाच रंगाची पट्टी चिकटवा, गोंधळ निम्मा कमी होतो.

ओळखीच्या डब्यांतला गहू

हिंग सर्वात आधी. बाजारातला पिवळा हिंग बहुधा मैदा आणि डिंक मिसळलेला असतो आणि खड्याच्या रूपातला हिंगही मिश्र असू शकतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो घ्या. हिशेब करून पाहा: चिमूटभर, म्हणजे ०.२ ग्रॅम हिंगात निम्मा मैदा धरला तर एका फोडणीत सुमारे १० मिलीग्रॅम ग्लूटेन जातं. चौघांत वाटलं तर ते क्षुल्लक वाटेल, पण आमटी, भाजी, कोशिंबीर आणि ताक, दोन्ही वेळा, अशी बेरीज केली की दिवसाची मर्यादा हिंगातच संपते.

मेतकुटात पारंपरिक कृतीतच गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतो, कोंबडी-वड्यांच्या पिठात पुष्कळदा. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं, दोन्ही बाद. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, दलिया आणि लापशी गव्हाची, शेवया गव्हाच्या. चकलीची भाजणी बहुतेक घरांत गव्हाशिवाय असते, पण विकतची असेल तर विचारा. बेसनलाडवात रवा घालणारे पुष्कळ आहेत. उडदाच्या पापडात हिंग असतो आणि लाटताना कधी गव्हाचं पीठ भुरभुरवलेलं असतं.

खपली गहू चालतो, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, सीलिअॅकमध्ये तो चालत नाही. ‘मल्टिग्रेन’ पिठात पहिला घटक गहूच असतो. नाचणीची बिस्किटं आणि बाजरीचा पाव यांतही बहुधा मैदा किंवा कणीक असते. पाकिटावर नाचणीचं चित्र मोठं, प्रमाण लहान. उलट, कुट्टूच्या इंग्रजी नावात ‘व्हीट’ असलं तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही. राजगिरा, शिंगाडा, वरई आणि साबुदाणा हे सगळं उपवासाचं खाणं मुळात ग्लूटेनमुक्त आहे. ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. निदानानंतरचं पहिलं वर्ष ते टाळा, पुढे प्रमाणित असतील तरच आणि डॉक्टरांना विचारून.

‘माल्ट’ हा शब्द दिसला की थांबा. दुधात घालायच्या पावडरी, कॉर्नफ्लेक्स, काही चॉकलेटं यांतलं माल्ट जवाचं असतं. नाचणीला मोड आणून केलेलं सत्व मात्र चालतं, फक्त त्या पाकिटात दुसरं काही मिसळलेलं नाही ना हे बघायचं. सोया सॉसमध्ये गहू असतो. लेबलाच्या शेवटी ‘कंटेन्स’नंतर लिहिलेल्या ओळीत गव्हाचं नाव आहे का हे आधी पाहिलं की अर्धी पाकिटं तिथेच परत ठेवता येतात. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, त्याचा ग्लूटेनशी काही संबंध नाही. मुलांची रंगीत मळायची माती पुष्कळदा गव्हाच्या पिठाची असते. ती हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

पीठ बांधून येत नाही, त्याचं काय?

गव्हात जे काम ग्लूटेन करतं, ते भाकरीत गरम पाणी करतं. त्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटतो. इथून पुढे वाटी म्हणजे १५० मिलीची.

तांदळाच्या भाकरीला उकड काढा: १ वाटी पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तेल. खळखळ उकळी आली की गॅस बारीक करून १ वाटी पीठ एकदम घाला, ढवळा, झाकण ठेवून गॅस बंद. ५ मिनिटांनी गरम असतानाच हाताला पाणी लावून चांगलं मळा. गार झाल्यावर मळलं तर कडा फाटतात. पाण्याला उकळी नीट आली नसेल तर भाकरी पांढरट आणि ठिसूळ होते.

ज्वारीला उकड सक्तीची नाही. १ वाटी पिठाला अर्धी ते पाऊण वाटी कडकडीत पाणी पुरतं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ तळहाताच्या टाचेने मळायचं. भाकरी थापताना तुटत असेल तर आधी पिठाचं वय बघा. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो. बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते दहा-बारा दिवसांत कडवट होतं. म्हणून पीठ आठवड्यापुरतंच दळा.

डब्यासाठी मऊ राहणारी, लाटता येणारी पोळी हवी असेल तर इसबगोलाचा भुसा वापरा. ७० ग्रॅम ज्वारीचं आणि ३० ग्रॅम तांदळाचं पीठ, इसबगोल चहाचे २ चमचे, मीठ, चमचाभर तेल आणि साधारण १०० मिली कोमट पाणी. मळून १५ मिनिटं झाकून ठेवा. लगेच लाटलं तर चिरा पडतात, कारण इसबगोलाने अजून पाणी शोषलेलं नसतं. दोन बटर पेपरच्या मध्ये लाटा. इसबगोल जास्त झाला तर पोळी रबरासारखी ओढली जाते.

गव्हाविना थालीपिठाची भाजणी: ज्वारी ५०० ग्रॅम, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी २५० ग्रॅम, उडीद डाळ १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजा. एकत्र भाजलं तर उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. गव्हाचा चिकटपणा इथे उडीद भरून काढतो, म्हणून तो कमी करू नका.

तयार तांदळाच्या पिठाचे घावन करणार असाल तर १ वाटी पिठाला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी. पीठ सारखं तळाशी बसतं, प्रत्येक घावनाआधी पळीने तळापासून ढवळा. जाळी पडत नसेल तर तवा पुरेसा तापलेला नाही किंवा पीठ घट्ट आहे.

रोज नुसता भात खाऊन मात्र भागवू नका. बद्धकोष्ठ होतं आणि लोह कमी पडतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. निदानाच्या वेळी पुष्कळदा हाडं कमकुवत आणि हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून नाचणी आणि राजगिरा ताटात रोज असावा. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका. आतड्याचं अस्तर भरून आलं की ते पुष्कळांना पुन्हा पचू लागतं.

बाहेर खाताना

‘ग्लूटेन चालत नाही’ असं वेटरला सांगून उपयोग नाही. तो मान डोलावेल आणि रवा फ्राय सुरमई आणून ठेवेल. पदार्थांची नावं घ्या. मोबाइलमध्ये किंवा कागदावर हे लिहून ठेवा आणि थेट आचाऱ्यापर्यंत पोचवा:

‘मला सीलिअॅक नावाचा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, सातू, बार्ली आणि सोया सॉस यांचा कणही चालत नाही. हिंगात मैदा असतो, म्हणून हिंगही नको. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, साबुदाणा, डाळी, अंडी, मासे, मटण, दूध-दही चालतं. कृपया धुतलेला तवा, वेगळं उलथनं आणि नवं तेल वापरा.’

राज्याबाहेर जाताना हिंदीतही करून घ्या. ‘गेहूं, आटा, मैदा, सूजी, दलिया, जौ’ हे शब्द त्यात हवेतच.

मालवणी खानावळ ही ठाणे-नवी मुंबईतली सोयीची जागा. उकडा भात, कालवण, सोलकढी घ्या. तळलेला मासा रव्यात घोळवलेला असतो आणि तांदळाच्या पिठात मागितला तरी तेल तेच असतं. तव्यावर, स्वच्छ करून, पीठ न लावता भाजून मागा. वडे टाळा. भाकरी ज्या ओट्यावर थापतात तिथेच चपात्या लाटत असतील तर भातावर भागवा.

उडुप्यांकडे वाफेवरची तांदळाची इडली डोशापेक्षा बरी, कारण त्याच तव्यावर रवा डोसा आणि टोस्ट भाजले जातात. सांबारात हिंग असतोच, काही ठिकाणी ते पीठ लावून घट्टही करतात. खोबऱ्याची चटणी फोडणीशिवाय मागा. मिसळीच्या रश्शापेक्षा फरसाणात अडचण जास्त, त्यात मैद्याची पापडी असते. वडापावमधला नुसता वडा खाऊ म्हणाल, तर ज्या कढईत समोसे आणि ब्रेडपकोडे तळले जातात तीच ती कढई. पाणीपुरीची पुरी रव्याची. बिर्याणीच्या हंडीचं झाकण कणकेने लिंपलेलं असतं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. चायनीजचा नाद सोडा.

हॉटेलवाल्याला काहीच उमगत नसेल तर ‘उपवासाचं’ ही आपली जुनी खूण कामाला येते. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी सगळ्यांना कळते. साबुदाणा वडा मात्र नको, पुन्हा तेच तेल.

लग्नाच्या पंगतीत पानावर आधी पोळी येते आणि वाढपी तोच हात भातात घालतो. केटररशी आदल्या दिवशी बोलून पहिल्या पंगतीआधी स्वयंपाकघरातून थेट ताट भरून घ्या. बुफेत चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात फिरतात, तिथे रांगेत पहिले उभे राहा.

प्रवासाचा डबा

प्रवासासाठी आपल्याकडे दशम्या होत्याच. २ वाट्या ज्वारीचं पीठ, पाऊण ते एक वाटी कोमट दूध, चमचाभर तूप, मीठ. दुधातच मळायचं, पाणी अजिबात नाही. जाडसर थापून तूप सोडून मंद आचेवर दोन्हीकडून भाजा. पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात गुंडाळा. गरम बांधल्या तर वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. थंडीत दोन दिवस टिकतात, मे महिन्यात एकच दिवस धरा. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ.

एका माणसाच्या बारा तासांसाठी ४ दशम्या, २ उकडलेली अंडी किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे, २ राजगिऱ्याचे लाडू, वाटीभर घरचा पातळ पोह्यांचा चिवडा आणि केळी एवढं पुरतं. गाडीला उशीर होतोच, म्हणून आणखी एका जेवणाचं कोरडं खाणं ठेवा: १ वाटी पातळ पोहे कुरकुरीत भाजून त्यात मीठ, साखर, हळद आणि कोरडी फोडणी मिसळलेली पुडी. यावर पाऊण वाटीपेक्षा थोडं कमी उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं झाकलं की पोहे तयार. डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर किटली लावायला रेल्वेची बंदी आहे, गरम पाणी पँट्रीकडून घ्या.

कोकणात जाणारी सकाळची मांडवी एक्सप्रेस असो की रात्रीची कोकणकन्या, दोन्ही ठाण्याला आणि पनवेलला थांबतात. घरचा ताजा डबा घेऊन चढता येतं, हा मोठाच फायदा. गाडीत विकत घ्यायचंच झालं तर केळी, सीलबंद दही आणि न सोललेली उकडलेली अंडी. कटलेटला ब्रेडचा चुरा असतो आणि ऑम्लेट ब्रेडच्या शेजारीच भाजलं जातं. एसटी थांबते त्या हॉटेलांत आणि द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये चहा आणि फळं यांपलीकडे जाऊ नका.

मुक्काम असेल तर बॅगेत एक लिटरचा छोटा राइस कुकर ठेवा. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ (दोन्ही घरीच निवडून, धुऊन, वाळवून पुडी बांधलेले), अडीच वाट्या पाणी, हळद, मीठ, जिरे. खिचडी होते, कुणाला काही विचारावं लागत नाही. सोबत आपलं उलथनं, चाकू, ताट आणि नवी घासणी. हॉटेलच्या घासणीत आदल्या पाहुण्यांच्या पोळीचा चुरा असतो.

विमानात, जेवण देणाऱ्या कंपनीच्या तिकिटावर जीएफएमएल हा ग्लूटेनमुक्त जेवणाचा कोड नोंदवावा लागतो, सहसा किमान २४ तास आधी. काही कंपन्यांना ४८ तास लागतात. परतीच्या तिकिटावर वेगळी नोंद करा, ती आपोआप होत नाही. देशांतर्गत स्वस्त विमानांत अशी सोय बहुधा नसतेच. कोरडं खाणं हातातल्या बॅगेत नेता येतं. परदेशी जाताना आमटी, दही, ओली चटणी अशा पातळ गोष्टी १०० मिलीच्या नियमात अडकतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत धान्य, बिया आणि दुधाचे पदार्थ उतरताना जाहीर करावे लागतात, न केल्यास दंड. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र बरोबर असू द्या.

गावी आणि सणाला

गणपतीत गावी जाताना आपला तवा, आपलं तांदळाचं पीठ आणि आपली हिंगाची डबी न्या. काकू किंवा आत्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. ‘डॉक्टरांनी औषध म्हणून असंच खायला सांगितलंय’ हे वाक्य आजाराच्या नावापेक्षा लवकर पटतं. उकडीचे मोदक चालतात, पण पिठी गावच्या गिरणीतली असेल तर नाही. पिठी ठाण्याहून दळून न्या, सगळ्या घरासाठीच न्या, मग वेगळं ताट मांडायची वेळच येत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. पंचामृत, खोबरं किंवा फळ हाही प्रसादच आहे. तोच हातात घ्या आणि भटजींना आधीच सांगून ठेवा.

चुकून गहू पोटात गेलाच तर उतारा देणारं औषध नाही. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाणी, पेज, मऊ भात आणि विश्रांती. त्रास दोन-तीन दिवसांत ओसरला नाही, जुलाब थांबले नाहीत किंवा मूल मलूल झालं तर डॉक्टर गाठा. त्या दिवशी काय खाल्लं, कुठे आणि कोणत्या भांड्यातलं, हे लगेच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी टीटीजी तपासताना आकडा वर दिसला, तर वहीतल्या याच नोंदींवरून हिंगाची नवी डबी, बदललेली गिरणी किंवा शाळेतला वाढदिवसाचा केक सापडतो. काहींना लक्षणं अजिबात जाणवत नाहीत आणि आतडं तरीही झिजत असतं, त्यांनी ही तपासणी एकदाही चुकवू नये.